उन्हाचा जमाखर्च

मी लेखा शाखेतला कारकून. बी.कॉम. झालो त्याला आता चोवीस वर्षे होतील. जमा, खर्च, शिल्लक आणि तूट या चार शब्दांत माझा दिवस जातो. विमानाशी माझा संबंध एवढाच, की संध्याकाळी वस्तीवरून विमान गेले म्हणजे आमच्या अभ्यासिकेतली मुले पुस्तक टाकून बाहेर धावतात आणि मला त्यांना दटावून आत आणावे लागते. अशा माणसाने विमानावर लेख लिहावा याचे वाचकांना नवल वाटेल. परंतु गेल्या फेब्रुवारीत जे घडले, ते मनात ठेवून बसण्यापेक्षा सांगून टाकावे असे वाटले. त्यात माझी एक चूकही आहे. तीही सांगणार आहे.

माझी भाची तेव्हा नाशिकला अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला होती. दाजी रिक्षा चालवतात, ताई अंगणवाडीत आहे. दिवाळीनंतर एका रविवारी पोरगी वही घेऊन आमच्याकडे आली आणि म्हणाली, "मामा, आमचा हिशेब तपासून द्या." मी म्हटले, "कसला हिशेब?" तर म्हणाली, "विमानाचा."

प्रकरण असे होते. पुण्याजवळच्या एका महाविद्यालयाच्या मैदानावर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा होती. विद्यार्थ्यांनी स्वतः आराखडा काढून, स्वतःच्या हाताने रिमोटवर चालणारे विमान बनवायचे आणि उडवायचे. आयोजक प्रत्येक संघाला सारखीच लहान बॅटरी देणार. पंखावर जास्तीत जास्त वीस सोलर सेल बसवायला परवानगी. त्या बॅटरीच्या आणि उन्हाच्या जोरावर ज्याचे विमान जास्त वेळ हवेत राहील तो जिंकला. उन्हाची मदत घेणारे विमान, असा हा प्रकार.

संघात सात जण होते. पाच मुले, दोन मुली. प्रत्येकाने सहा हजार रुपये काढायचे ठरले होते. ताईचा जीव तिथेच अडकला होता. "सहा हजारांत पोरीच्या पुस्तकांचं वर्ष निघतं, आणि ही म्हणे विमान उडवणार!" असे ती दोनदा बोलून गेली. मी मध्ये पडलो. तीन हजार मी देतो म्हटले, पण अट घातली की संघाचे सगळे बिल-पावत्यांचे काम माझ्या नजरेखालून गेले पाहिजे. अशा रीतीने मी त्या संघाचा बिनपगारी हिशेबनीस झालो.

पहिल्याच बैठकीला मी विचारले, "ऊन आहे तर बॅटरी कशाला? आणि बॅटरी आहे तर ऊन कशाला?" पोरीने वहीचे पान काढले. ते पान पाहून मी चाटच पडलो, कारण ते माझ्या ओळखीचे निघाले.

तिने सांगितले ते असे. एक सोलर सेल म्हणजे हाताच्या पंजाएवढी, कागदासारखी पातळ चकती. लांबी-रुंदी साडेबारा सेंटिमीटर, वजन जेमतेम सात ग्रॅम. प्रयोगशाळेतल्या पूर्ण प्रकाशात ती सव्वातीन-साडेतीन वॅट वीज देते. वीस चकत्यांचे झाले अदमासे ६८ वॅट. पण ही कागदावरची जमा. फेब्रुवारीत भर दुपारीसुद्धा आपल्याकडे सूर्य अगदी डोक्यावर नसतो, दक्षिणेकडे कललेला असतो. म्हणून सपाट पंखावर ऊन तिरपे पडते. शिवाय चकती तापली की वीज कमी देते, तारांत आणि सर्किटात थोडी जाते. हातात पडतात सुमारे ४० वॅट. मी म्हटले, "म्हणजे पगाराचा आकडा वेगळा आणि कपात होऊन हातात येतो तो वेगळा." पोरगी हसली आणि म्हणाली, "तसंच, मामा."

आता खर्च. विमान वर चढताना २०० वॅट खाते. एकदा वर जाऊन सरळ उडू लागले की ६० वॅटवर भागते. म्हणजे चढायला एकट्या उन्हाची ताकद नाही, तिथे बॅटरी हवी. आणि वर गेल्यावर जमा ४०, खर्च ६०, तूट २०. ही तूट शिलकीतून, म्हणजे बॅटरीतून भागवायची. बॅटरीत चढाईचा खर्च जाऊन आठ वॅट-तास उरतात. ऊन नसते तर ६० च्या खर्चाला ती शिल्लक आठ मिनिटांत संपली असती. ऊन असल्यामुळे ती फक्त २० ची तूट भरते, म्हणून २४ मिनिटे पुरते.

वाचकहो, चोवीस वर्षे मी जमाखर्च लिहितो आहे, पण त्यातली एक गोष्ट मला त्या पानाने शिकवली. समजा मुलांनी वजन कमी करून, पंख गुळगुळीत करून खर्च ६० वरून ५० वर आणला. खर्चात बचत किती? सहावा हिस्सा. पण तूट २० ची १० झाली, म्हणजे निम्मी. आणि तूट निम्मी झाली की तीच शिल्लक दुप्पट वेळ पुरते. ज्याची जमा आणि खर्च जवळजवळ आले आहेत, त्याला दहा रुपयांची बचत फार मोठी असते. पगारदार माणसाला हे अनुभवाने ठाऊक असते. आकड्यात मांडलेले मी प्रथमच पाहिले.

मग ती मुले एकेका ग्रॅमच्या मागे का लागतात ते मला समजले. तीन मीटरचा पंख, तो नेण्यासाठी दोन तुकड्यांत केलेला. आत बाल्सा नावाच्या अतिशय हलक्या लाकडाच्या फासळ्या, मधून कार्बनची पोकळ नळी, वरून पातळ प्लॅस्टिकचे आवरण. सुकाणू हलवणाऱ्या लहान मोटरींची वायरसुद्धा कापून मोजून घेतलेली. सगळे मिळून वजन दोन किलोच्या थोडे वर. एका मुलाने शोभेसाठी महाविद्यालयाच्या नावाचे मोठे स्टिकर आणले होते. त्याचे वजन नऊ ग्रॅम भरले, आणि ते परत गेले.

आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. सोलर सेल आणि बॅटरी यांच्यामध्ये एक लहान सर्किट असते. सेलवर व्होल्टेज जास्त ठेवले की करंट घटतो, करंट जास्त ओढला की व्होल्टेज पडते. दोघांचा गुणाकार जिथे सर्वांत मोठा, ती जागा हे सर्किट सारखे शोधत राहते. मला हे पटकन कळेना. तेव्हा शेजारी बसलेली ताई म्हणाली, "अरे, मेथीची जुडी वीसला ठेवली तर दोनच खपतात, पाचला दिली तर सगळ्या खपतात पण हाती काही राहत नाही. मधला भाव काढायचा." तिची सासू भाजी विकत असे. संघातल्या मुलांनी ताईचे हे उदाहरण पुढे परीक्षकांनाही सांगितले. त्या दिवसापासून ताईने सहा हजारांचा विषय काढला नाही.

जानेवारीत मी पोरीला आमच्या अभ्यासिकेत बोलावले. म्हटले, मुले विमान पाहायला बाहेर धावतात, तर विमान आत येऊ दे. तिने विमानाची शेपटी आणि एक तुटका सेल आणून दाखवला आणि तासभर माहिती सांगितली. जगातले पहिले सौर विमान रिमोटवरचेच होते, त्यात माणूस नव्हता. अमेरिकेत कॅलिफोर्नियात ४ नोव्हेंबर १९७४ रोजी ते उडाले. नाव 'सनराइज'. रॉबर्ट बाउचर यांनी ते तयार केले होते. पंख ३२ फुटांचा, त्यावर ४०९६ लहान सेल आणि वीज ४५० वॅट. पुढे ते खवळलेल्या हवेत सापडून मोडले, पण त्यांनी दुसरे बांधले. नंतर १९८० साली पॉल मॅकक्रेडी यांच्या 'गॉसमर पेंग्विन' या विमानात माणूस बसला. ७ ऑगस्टला त्याचे जाहीर उड्डाण झाले, ते जॅनिस ब्राउन नावाच्या एका शिक्षिकेने केले. त्या वैमानिक होत्या आणि वजनाने १०० पौंडांच्या आत होत्या, म्हणून त्यांची निवड झाली. चौदा मिनिटांत सुमारे तीन किलोमीटर गेल्या. हे ऐकून आमच्या अभ्यासिकेतल्या मुली फार खूश झाल्या. एकीने विचारले, "मी पस्तीस किलोची आहे, मला घेतील का?" पोरगी म्हणाली, "आधी गणित कर, मग घेतील."

पुढच्याच वर्षी, ७ जुलै १९८१ रोजी, मॅकक्रेडी यांचे 'सोलर चॅलेंजर' बॅटरीशिवाय, निव्वळ उन्हावर, पॅरिसजवळून निघून खाडी ओलांडून इंग्लंडला पोहोचले. साडेपाच तासांच्या आत २६२ किलोमीटर. आणि अगदी आपल्या शेजारची गोष्ट म्हणजे, मार्च २०१५ मध्ये पृथ्वीप्रदक्षिणेला निघालेले 'सोलर इम्पल्स २' हे विमान अहमदाबादला उतरले होते, तिथून वाराणसीला गेले. ७२ मीटर पंख, सतरा हजारांवर सेल, आणि त्यात एका वेळी एकच माणूस. दिवसा साठवायचे आणि रात्री त्यावर उडायचे. मुले अशी गप्प बसून ऐकत होती, की त्या संध्याकाळी मला एकदाही दटावावे लागले नाही.

आता माझ्या चुकीकडे येतो.

स्पर्धेच्या आदल्या दिवसापूर्वीची रात्र. कार्यशाळा संध्याकाळी बंद होत असे, म्हणून पंखाचे दोन्ही तुकडे ताईच्या घरी आणले होते. घर दोन खोल्यांचे. पंख पलंगावर गादी काढून ठेवले होते, आणि दाजी स्वतः ओट्यावर झोपायला गेले होते. मी कार्यालयातून सरळ तिथे गेलो. मुले जेवायला बसली होती. मी एकटाच पलंगाजवळ उभा राहिलो. निळसर काळ्या चकत्या ओळीने बसलेल्या, फार देखण्या दिसत होत्या. एवढी पातळ वस्तू इतकी वीज कशी देते या कौतुकाने मी एका चकतीवर अंगठा ठेवला आणि थोडा दाबून पाहिला. खाली फासळी नव्हती, पोकळी होती. 'कट्' असा बारीक आवाज झाला.

आवाज अगदी लहान होता, पण सगळ्यांचे हात ताटात थांबले. पोरगी उठून आली. तिने दिवा धरून पाहिले. चकतीला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत केसासारखी रेघ गेली होती. मला वाटले, वीसातली एक तर गेली. पण गोष्ट तेवढ्यावर थांबत नाही. सगळे सेल एकामागे एक साखळीसारखे जोडलेले असतात. साखळीतल्या एकाने करंट कमी दिला, की सगळ्या साखळीचा करंट तेवढाच होतो. एका नळाला मध्येच चेपले तर पुढे पाणी कमीच येणार. जादा सेल दोन होते, ते सरावात आधीच फुटले होते. नवे मागवायला वेळ नव्हता.

मी "चुकलो" असे म्हणालो, पण त्याने काय होणार? पोरीने मला एका शब्दाने दुखावले नाही. एवढेच म्हणाली, "मामा, तुम्ही टॉर्च धरा." रात्री एक वाजेपर्यंत मी टॉर्च धरून उभा होतो. तिने आणि दुसऱ्या एका मुलाने वरचे आवरण थोडे कापले, फुटलेल्या सेलला वळसा घालून अलीकडच्या सेलपासून पलीकडच्यापर्यंत पातळ पट्टी सोल्डर केली. म्हणजे फुटका सेल जागेवर राहिला पण कामातून निवृत्त झाला. उरले एकोणीस. तिचा हात थरथरत नव्हता, माझा थरथरत होता. सकाळी उन्हात धरून मोजले. करंट पूर्ववत आला होता. जमा मात्र वीसात एक हिश्श्याने कमी झाली होती.

स्पर्धेच्या दिवशी मी रजा काढून गेलो. मैदानावर कुठून कुठून आलेली मुले आपापली विमाने मांडीवर घेऊन बसली होती. आधी तपासणी. परीक्षक वजन करतात, तोल मध्यावर आहे का पाहतात, पंख धरून हलवून पाहतात, रिमोटचा संपर्क तुटला तर मोटर आपोआप बंद होते की नाही तेही करून बघतात. विमान नजरेआड जाऊ द्यायचे नाही आणि ४०० फुटांच्या वर न्यायचे नाही, असे बजावतात. मग सर्वांसमोर मोजून बॅटरी दिली जाते.

आमचा क्रमांक दुपारी सव्वा वाजता आला. एका मुलाने विमान डोक्यावर धरून धावत जाऊन फेकले. क्षणभर ते खाली बसले आणि माझ्या पोटात गोळा आला. मग नाक वर करून चढू लागले. मिनिटाभरात ते घारीएवढे दिसू लागले आणि मोटरचा आवाज जवळजवळ थांबला. रिमोट दुसऱ्या मुलाकडे होता. पोरगी त्याच्या बाजूला उभी राहून विमानाकडून येणारे आकडे वाचत होती. "जमा अडतीस. खर्च साठ. हळू घे." तो मुलगा वेगाचा शौकीन होता, पण वेग वाढला की खर्च भराभर वाढतो. वळणही मोठे घ्यायचे, कारण लहान वळणात पंख तिरपा होऊन उन्हाकडे पाठ करतो आणि मोटरलाही जोर लावावा लागतो. मी मागे उभा होतो. तिने 'जमा' आणि 'खर्च' हे माझे शब्द घेतले होते, हे ऐकून काय वाटले ते लिहिता येत नाही.

दहाव्या मिनिटाला पातळ ढग आला. आपल्याला तो ढग वाटलाही नसता. पण आकडा अडतीसवरून चोवीसवर आला. "जमा चोवीस," ती म्हणाली, आणि तिचा आवाज पहिल्यांदा बारीक झाला. चार मिनिटांनी ऊन परत आले, पण शिल्लक तोवर खाल्ली गेली होती. विमान सतरा मिनिटे वीस सेकंदांनी उतरले. उतरताना गवतावर घसरत आले आणि अगदी तिच्या पायाशी येऊन थांबले.

आमच्या संघाचा चौथा क्रमांक आला. तिसऱ्याचा वेळ होता अठरा मिनिटे दोन सेकंद. फरक ४२ सेकंदांचा. तिसऱ्याला बक्षीस होते, चौथ्याला प्रमाणपत्र.

परतीच्या गाडीत मुले गाणी म्हणत होती आणि मी खिडकीशी बसून पाकिटाच्या पाठीवर हिशेब करत होतो. विसावा सेल असता तर जमा थोडी वाढली असती. तूट तेवढी कमी. शिल्लक भागिले तूट. उत्तर आले सुमारे पन्नास सेकंद. पुन्हा केला, तेच आले. ४२ सेकंदांना पन्नास. म्हणजे सात मुलांच्या चार महिन्यांच्या कष्टाचे बक्षीस माझ्या अंगठ्याखाली गेले होते.

नाशिक जवळ आल्यावर मी तो कागद पोरीसमोर धरला. तिने पाहिला आणि म्हणाली, "मला कालच माहीत होतं, मामा. रात्रीच हिशेब केला होता, फक्त ढग धरला नव्हता." मी म्हटले, "मग बोलली का नाहीस?" ती म्हणाली, "बोलून सेल जोडला जात नाही. आणि ते सोलर इम्पल्सवाले बघा. पॅसिफिकवर बॅटऱ्या तापून बिघडल्या, तर हवाईला नऊ महिने थांबले. पण प्रदक्षिणा पुरी केलीच ना २०१६ ला? आपले ४२ सेकंद तर गेले."

हे तिने मामाची समजूत काढायला म्हटले असेल असे मी धरून चाललो होतो. पण पुढल्या आठवड्यात संघाचा अहवाल हिशेब जोडण्यासाठी माझ्याकडे आला. त्यात 'चुका व सुधारणा' असे एक पान होते. मी भीतभीतच ते उघडले. पहिल्याच ओळीत लिहिले होते, की पंख ठेवण्यासाठी पेटी केली नाही आणि सेलच्या खाली पोकळी ठेवली, या संघाच्या दोन चुका. त्यामुळे हाताळताना एक सेल फुटला. कोणाच्या हाताने, याचा उल्लेख नव्हता. तिचेच अक्षर होते.

आमच्या कार्यालयात फाईल गहाळ झाली की पहिला प्रश्न असतो, शेवटी कोणाच्या टेबलावर होती? फाईल ठेवायला कपाट होते का, हे कोणी विचारत नाही. मीही इतकी वर्षे तसेच विचारत आलो. अभ्यासिकेत दिवा फुटला तर आधी फोडणारा शोधतो. त्या पानाने मला जागेवर बसवले. चूक लपवलेली नाही, आणि माणसाला टांगलेलेही नाही. पुढच्या वेळी काय करायचे ते लिहिले आहे.

मी मग एक केले. ओळखीच्या सुताराकडून जुन्या प्लायवूडची लांब पेटी करून घेतली. आत थर्माकोल बसवला, झाकणाला कडी लावली. खर्च ६४० रुपये. हा खर्च संघाच्या वहीत 'देणगी' म्हणून लिहू का, असे पोरीने विचारले. मी म्हटले, "देणगी नको. नुकसानभरपाई लिही." तिने ऐकले नाही. वहीत 'साहित्य' असे लिहून मोकळी झाली.

पुढच्या फेब्रुवारीची तयारी सुरू झाली आहे. ती आता शेवटच्या वर्षाला आहे. या वेळी तिसऱ्या वर्षाच्या दोन नव्या मुली संघात आल्या आहेत. सेलखाली फासळ्या वाढवल्या आहेत, त्याचे वजन भरून काढायला कुठे कापायचे यावर वाद चालू आहेत. आमच्या अभ्यासिकेतली ती पस्तीस किलोची मुलगी दर रविवारी गणिताची वही घेऊन येते.

बंधू-भगिनींनो, आपल्या घरात असे एखादे पोर असेल, तर त्याला पलंग द्या, टॉर्च धरा, आणि त्याच्या वहीतला हिशेब त्याच्याकडून समजून घ्या. तो आपल्याला वाटतो तितका परका नसतो. आणि पंख पेटीत असला, तरी आधी विचारूनच हात लावा.